विमानाच्या पोटातला कप्पा उघडला की हवा एवढी का खवळते? भारताच्या नव्या लढाऊ विमानासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

खारदांड्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की दोन गोष्टी हमखास दिसतात. समोर नांगरून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या आणि उत्तरेला, जुहूच्या बाजूनं समुद्रावर झेपावणारी विमानं. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून निघालेलं विमान जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच चाकं पोटात घेतं. दारं उघडतात, चाकं आत जातात, दारं बंद होतात.

त्या काही सेकंदांपुरता विमानाच्या गुळगुळीत पोटाला एक मोठा खड्डा पडलेला असतो. प्रवासी विमान तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास उडत असतं, त्यामुळे थोडी घरघर आणि थोडी थरथर यापलीकडे फारसं काही होत नाही.

आता हाच खड्डा आवाजापेक्षा दीडपट वेगानं उडणाऱ्या लढाऊ विमानाला पडला तर? त्या खड्ड्यात चाकांऐवजी क्षेपणास्त्रं असतील तर?

भारत सध्या असंच एक विमान बनवतोय. म्हणूनच 'खाचेवरून वेगानं जाणारी हवा' हा एरवी प्रयोगशाळेत राहणारा विषय आज हजारो कोटींच्या प्रकल्पाशी जोडला गेलाय. हा विषय नेमका काय आहे ते सोप्या भाषेत बघू.

आधी कारची खिडकी आठवा

एक्स्प्रेस वेवर कार वेगात असताना मागची एकच खिडकी अर्धी खाली केली की काय होतं? कानाला दडे बसतील अशी 'धब-धब-धब' सुरू होते. दुसरी खिडकी थोडी उघडली की ती थांबते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की 'हूऽऽ' असा आवाज येतो. हे त्याच कुटुंबातलं उदाहरण. सख्खं नाही, पण चुलत नक्कीच.

दोन्हीकडे हवा पोकळीच्या तोंडावरून आडवी जाते आणि पोकळीतली हवा तालात हलायला लागते. ताल एकदा जमला की तो स्वतःलाच जोर पुरवत राहतो.

खड्ड्यात नेमकं काय घडतं?

विमानाच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. अगदी पृष्ठभागावरची हवा विमानासोबतच सरकते आणि जरा दूरची हवा पूर्ण वेगानं मागे जाते. या थराची कल्पना जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. त्यांच्याच हाताखाली कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांनी १९३६ मध्ये गॉटिंगेनला डॉक्टरेट केली. पुढे भारतात बनलेल्या 'एचटी-२' या प्रशिक्षण विमानाचं डिझाइन याच घाटगेंच्या नेतृत्वाखाली झालं.

हा थर खड्ड्याच्या पुढच्या कडेपाशी आला की त्याच्या खालचा आधार अचानक निघून जातो. मग तो खड्ड्यावर ताणलेल्या पडद्यासारखा पुढे जातो. पडद्याच्या वर प्रचंड वेगाची हवा, खाली जवळपास थांबलेली हवा. अशा ठिकाणी पडदा फडफडतो आणि त्यात भोवरे तयार होतात.

पुढचा घटनाक्रम असा:

१. भोवरा वाहत जाऊन खड्ड्याच्या मागच्या भिंतीवर आपटतो.

२. त्या धडकेतून दाबाची लाट निघते. म्हणजेच आवाज.

३. ही लाट खड्ड्याच्या आतून उलटी पुढच्या कडेकडे येते.

४. तिथे ती पडद्याला धक्का देते आणि नवा भोवरा सुटतो.

पुन्हा धडक, पुन्हा लाट, पुन्हा भोवरा. स्पीकरसमोर माइक धरल्यावर 'कुंईऽऽ' होतं ना, साधारण तसंच हे चक्र. फक्त इथे स्पीकरही हवेचा आणि माइकही हवेचाच.

याचा पद्धतशीर अभ्यास १९५० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये काम करणाऱ्या के. कृष्णमूर्ती या भारतीय संशोधकाचा अहवाल १९५५ मध्ये 'नासा'च्या आधीच्या संस्थेनं, म्हणजे 'एनएसीए'नं प्रसिद्ध केला. खाचेतून ठरावीक सुराचा आवाज बाहेर पडतो आणि खाच जितकी लांब तितका सूर खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९६४ मध्ये ब्रिटनच्या रॉसिटर यांनी हा सूर किती असेल याचं एक सूत्र दिलं. थोड्या दुरुस्तीनंतर ते आजही वापरलं जातं.

आकड्यांत सांगायचं तर?

समजा, विमानाच्या पोटात ४ मीटर लांबीचा कप्पा आहे. विमान ११ किलोमीटर उंचीवर आवाजाच्या दीडपट वेगानं, म्हणजे सेकंदाला साधारण ४४० मीटरनं उडतंय. रॉसिटर यांच्या दुरुस्त सूत्रात हे आकडे घातले तर पहिला सूर सेकंदाला सुमारे २८ ठोक्यांचा येतो. दुसरा साधारण ६५ चा आणि तिसरा १०० च्या आसपास.

हा आवाज किती मोठा असतो? शस्त्रांच्या कप्प्यात तो १६० ते १७० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेशी याची तुलना करून चालणार नाही, कारण डेसिबलचं गणित सरळ वाढत नाही. २० डेसिबल वाढले की दाबाचा चढउतार दहापट होतो. १७० डेसिबलला हा चढउतार दर चौरस मीटरला साधारण ६४० किलो वजनाच्या जोराइतका भरतो, आणि तोही सेकंदाला कित्येक वेळा आलटून पालटून.

म्हणजे कप्प्याच्या प्रत्येक पत्र्यावर, बिजागरीवर आणि आत टांगलेल्या क्षेपणास्त्राच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सवर कुणीतरी सतत घण घालत असल्यासारखं. पत्र्याचा स्वतःचा कंपनाचा ताल योगायोगानं यातल्या एखाद्या सुराशी जुळला, तर तडे लवकर जातात.

दुसरा धोका: सोडलेला बॉम्ब खाली जाईलच असं नाही

आपल्याला वाटतं बॉम्ब सोडला की तो खाली पडणार. कमी वेगात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण आवाजापेक्षा जास्त वेगात विमानाभोवतीची हवा त्या बॉम्बला कुठे ढकलेल हे कप्प्याच्या आकारावर ठरतं.

कप्प्याची लांबी खोलीच्या साधारण दहापटीपेक्षा कमी असेल, तर हवेचा पडदा कप्प्यावरून थेट पलीकडे जातो. याला 'ओपन' प्रवाह म्हणतात. यात गोंगाट खूप, पण बॉम्ब तुलनेनं सरळ बाहेर येतो.

लांबी खोलीच्या तेरापटीपेक्षा जास्त असेल, तर पडदा मध्येच खाली वाकून कप्प्याच्या तळाला टेकतो आणि मागच्या भिंतीआधी पुन्हा वर येतो. हा 'क्लोज्ड' प्रवाह. यात गोंगाट कमी, पण कप्प्याच्या पुढच्या भागात दाब कमी आणि मागच्या भागात जास्त असतो. या फरकामुळे बाहेर पडणाऱ्या बॉम्बचं नाक वर उचललं जाऊ शकतं. नाक वर म्हणजे विमानाच्याच दिशेनं. या दोन्हींच्या मधला आकार असेल तर प्रवाह कधी असा, कधी तसा.

म्हणजे डिझायनरसमोर एका बाजूला आवाज आहे आणि दुसऱ्या बाजूला टक्कर. एक टाळायला गेलं की दुसरं अंगावर येतं.

टक्कर झाली तर काय होतं, याचं एक दुःखद उदाहरण अमेरिकेत आहे. ३० जुलै १९६६ रोजी 'एम-२१' हे विमान आवाजाच्या तिपटीपेक्षा जास्त वेगात असताना त्यावरून 'डी-२१' नावाचा ड्रोन सोडण्यात आला. हा ड्रोन पोटातल्या कप्प्यात नव्हता, तो पाठीवर बसवलेला होता. पण सुटल्यावर तो मूळ विमानावरच आदळला आणि विमान तुटलं. दोघंही बाहेर पडले, पण त्यातले रे टॉरिक समुद्रात बुडून मरण पावले. त्याआधीच्या चाचण्या यशस्वी झाल्या होत्या, हे विशेष.

भारतात हा प्रश्न आत्ताच का आला?

आजवर भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी शस्त्रं पंखांखाली आणि पोटाखाली, उघड्यावर टांगली. तेजस, सुखोई-३०, राफेल सगळीकडे तेच. पोटात बॉम्ब ठेवणारं 'कॅनबेरा' हवाई दलाकडे १९५७ पासून २००७ पर्यंत होतं, पण ते आवाजापेक्षा कमी वेगाचं विमान आणि तेही ब्रिटिश डिझाइनचं.

'अ‍ॅम्का', म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड मीडियम कॉम्बॅट एअरक्राफ्ट, हे मात्र स्टेल्थ विमान असणार आहे. रडारवर कमीत कमी दिसायचं तर बाहेर काहीही लटकलेलं चालत नाही, म्हणून शस्त्रं पोटात. साधारण २५ टन वजनाच्या या दोन इंजिनांच्या विमानात आतल्या कप्प्यात सुमारे दीड टन शस्त्रं नेण्याची योजना आहे.

मार्च २०२४ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं याच्या विकासासाठी सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर केले. २७ मे २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी प्रकल्प कसा राबवायचा याच्या आराखड्याला मान्यता दिली. त्यात खासगी कंपन्यांनाही स्पर्धेत उतरण्याची संधी मिळाली.

बातम्यांमध्ये चर्चा होते ती इंजिन कुणाचं आणि कंत्राट कुणाला याची. ती व्हायलाच हवी. पण स्टेल्थ विमानाचा कस लागतो तो दार उघडतं त्या काही सेकंदांत. दार उघडलं की विमान रडारवरही जास्त दिसतं आणि कप्प्यातली हवाही खवळते. त्यामुळे दार उघडं राहण्याचा वेळ कमीत कमी हवा आणि तेवढ्या वेळात शस्त्र सुखरूप बाहेर पडायला हवं. वैमानिकाचा जीव या हिशेबावर अवलंबून आहे.

हाच खड्डा कधी कधी मदतही करतो

या कथेची दुसरी बाजू हायपरसॉनिक क्षेपणास्त्रांत दिसते. स्क्रॅमजेट इंजिनात हवा आवाजापेक्षा जास्त वेगानं आत येते आणि त्याच वेगात तिच्यात इंधन जाळायचं असतं. सेकंदाला दीड किलोमीटर वेगाची हवा एक मीटर लांबीच्या इंजिनातून एका मिलिसेकंदाच्या आतच बाहेर पडते. तेवढ्यात इंधन मिसळायचं, पेटायचं आणि जळायचं. 'डीआरडीओ'नं स्वतः याची तुलना चक्रीवादळात मेणबत्ती तेवत ठेवण्याशी केली होती.

यावर जगभर सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या उपायांपैकी एक म्हणजे इंजिनाच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली खाच. वादळात मेणबत्ती विझू नये म्हणून आपण ती कोनाड्यात ठेवतो, तसंच हे. खाचेत हवा गोल फिरत राहते, गरम वायू तिथे अडकून राहतो आणि वरून जाणाऱ्या इंधनाला सतत पेटवत राहतो.

भारताचा या क्षेत्रातला प्रवास वेगानं सुरू आहे. इस्रोनं २८ ऑगस्ट २०१६ रोजी स्क्रॅमजेटची उड्डाण चाचणी केली. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओच्या 'एचएसटीडीव्ही'नं आवाजाच्या सहापट वेगात २० सेकंदांहून जास्त काळ स्क्रॅमजेट चालवलं. जानेवारी २०२५ मध्ये हैदराबादच्या डीआरडीएलनं जमिनीवरच्या चाचणीत छोट्या आकाराचं स्क्रॅमजेट कम्बस्टर १२० सेकंद चालवलं, आणि २५ एप्रिल २०२५ रोजी हा आकडा एक हजार सेकंदांच्या पुढे गेला.

कप्प्यात जी हवा शांत ठेवायची, तीच इंजिनात फिरती ठेवायची. गरज उलटी आहे, पण विज्ञान एकच.

मग हे कॉम्प्युटरवरच का नाही तपासायचं?

तपासतात. याला सिम्युलेशन म्हणतात. खड्डा आणि आजूबाजूची हवा लाखो ते कोट्यवधी छोट्या चौकटींत वाटायची आणि प्रत्येक चौकटीत दाब, वेग आणि तापमान क्षणाक्षणाला काढत जायचं. त्यासाठी भारतात तयारीही जुनी आहे. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं, म्हणजे 'एनएएल'नं, १९८६ मध्येच प्रवाहांची गणितं सोडवायला 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर कॉम्प्युटर बनवला होता. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम' १९९१ मध्ये आला.

अडचण कुठे आहे? स्वस्त आणि झटपट सिम्युलेशन हवेच्या हालचालीची सरासरी काढतं. सरासरी दाब त्यातून बरा मिळतो, पण आपल्याला हवा असलेला ठोकाच सरासरीत विरघळून जातो. मुंबईच्या लोकलमध्ये दिवसभराची सरासरी गर्दी काढली तर सकाळी साडेआठची अंधेरी कळत नाही, तसंच.

महागडं सिम्युलेशन मोठे भोवरे एकेक करून पकडतं. पण त्यासाठी चौकटी फार बारीक लागतात आणि वेळेचे टप्पे मायक्रोसेकंदांत मोजावे लागतात. प्रत्यक्षातल्या अर्ध्या सेकंदासाठी सुपरकॉम्प्युटर दिवसेंदिवस चालवावा लागू शकतो. इतकं करूनही सगळ्यात बारीक भोवऱ्यांसाठी अंदाजच वापरावा लागतो. अंदाज चुकला तरी चित्र मात्र सुंदर, रंगीत आणि खरं वाटणारं येतं. धोका तिथेच आहे.

आणि विंड टनेलवर तरी पूर्ण भरवसा का नाही?

सुपरसॉनिक विंड टनेलमध्ये मोठ्या टाक्यांत हवा दाबून भरतात आणि झडप उघडून ती मॉडेलवर सोडतात. चाचणी अनेकदा काही सेकंदांचीच असते. 'श्लीरेन' नावाच्या प्रकाशतंत्रानं हवेतल्या शॉकवेव्ह डोळ्यांना दिसतात, आणि भिंतीत बसवलेले छोटे सेन्सर दाब मोजतात.

इथे हवा खरी असते, हा मोठा फायदा. पण मॉडेल लहान असतं. आपला ४ मीटरचा कप्पा २० पट लहान केला तर तो २० सेंटिमीटरचा होतो आणि २८ चा ठोका साधारण २० पट वाढून साडेपाचशेच्या घरात जातो. सेन्सर तेवढे चपळ लागतात. त्वचेजवळचा हवेचा थर मॉडेलवर त्याच प्रमाणात लहान होत नाही. टनेलच्या भिंतींवरून शॉकवेव्ह परत येऊ शकतात. आणि सेन्सर जिथे बसवला तिथलाच आकडा मिळतो, शेजारच्या इंचावर काय चाललंय ते कळत नाही.

म्हणून दोघांची जोडी लावतात. आधी टनेलमध्ये एक साधी आयताकृती खाच मोजायची. तेच सिम्युलेशनमध्ये करायचं आणि सूर आणि आवाज जुळतात का ते बघायचं. ब्रिटनमध्ये मोजलेली 'एम-२१९' नावाची खाच यासाठी जगभर वापरली जाते. तिची लांबी खोलीच्या पाचपट आहे. तिची मापं आणि आकडे उपलब्ध असल्यानं कुणीही आपलं सॉफ्टवेअर त्यावर घासून बघू शकतो. ते जुळलं तरच पुढे दारं, क्षेपणास्त्रं, तिरप्या भिंती असा खरा कप्पा सिम्युलेशनमध्ये उतरवायचा. आणि त्यातलं जे सगळ्यात धोक्याचं वाटेल ते पुन्हा टनेलमध्ये नेऊन तपासायचं.

भारताकडे सोय काय आहे?

एनएएलची १.२ मीटरची ट्रायसॉनिक विंड टनेल १९६० च्या दशकापासून काम करतेय. ट्रायसॉनिक म्हणजे आवाजापेक्षा कमी, आवाजाच्या आसपास आणि आवाजापेक्षा जास्त, असे तिन्ही वेग. देशातली विमानं आणि रॉकेटं डिझाइनच्या काळात तिथून गेली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमला इस्रोच्या विक्रम साराभाई केंद्रात तशाच क्षमतेची दुसरी टनेल सुरू झाली. १९ डिसेंबर २०२० रोजी हैदराबादला डीआरडीओच्या हायपरसॉनिक विंड टनेलचं उद्घाटन झालं. ती आवाजाच्या ५ ते १२ पट वेगासाठी आहे.

मुंबईच्या उपनगरातही याचा एक धागा आहे. खारदांड्याहून पूर्वेला, पवईच्या आयआयटीत एअरोस्पेस विभाग आहे. तिथे अतिवेगवान प्रवाहांसाठी शॉक टनेल आहे. शॉक टनेलमध्ये चाचणीचा वेळ मिलिसेकंदांत मोजला जातो. अशा प्रयोगशाळांचं खरं उत्पादन म्हणजे माणसं. सिम्युलेशनचं चित्र बघून 'हे चुकतंय' असं ओळखणारा इंजिनिअर टनेलमध्ये हात काळे केल्याशिवाय तयार होत नाही.

उपाय काय असतात?

उपाय दिसायला साधे असतात. कप्प्याच्या पुढच्या कडेवर दातेरी पट्टी उभी करायची, म्हणजे पडदा थोडा वर उचलला जातो आणि भोवरे तालात सुटत नाहीत. मागची भिंत उभी न ठेवता तिरपी करायची, म्हणजे धडक बोथट होते. पुढच्या कडेतून हवेचे बारीक फवारे सोडायचे. अमेरिकेच्या 'बी-१बी' बॉम्बरमध्ये कप्प्यांच्या पुढे अशा पट्ट्या आहेत, त्या गरजेच्या वेळी बाहेर येतात.

पण स्टेल्थ विमानात प्रत्येक पट्टी रडारवर चमकू शकते. तिरपी भिंत क्षेपणास्त्राची जागा खाते. फवाऱ्याला इंजिनातून हवा द्यावी लागते. म्हणून दुसऱ्या विमानावरचा उपाय जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्या कप्प्याची मापं आपल्यालाच काढावी लागतात, आणि असे आकडे कुठलाही देश दुसऱ्याला सहज देत नाही.

थोडक्यात, लक्ष कशावर ठेवायचं?

अ‍ॅम्काचं पहिलं उड्डाण होईल तेव्हा फोटो व्हायरल होतील. पण पहिल्या उड्डाणात शस्त्रांच्या कप्प्याची परीक्षा होत नसते. ती नंतर टप्प्याटप्प्यानं होते. आधी कमी वेगात दार उघडून बघायचं, मग आवाजाच्या वेगाजवळ, मग त्यापुढे. आधी रिकामा कप्पा, मग आत डमी क्षेपणास्त्र, मग ते प्रत्यक्ष सोडणं. या चाचण्यांना वर्षं लागतात. तेव्हा 'एवढा उशीर का' असा प्रश्न विचारला जाईल आणि घाई करण्याचा दबावही येईल.

प्रश्न जरूर विचारावा. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आवाजापेक्षा जास्त वेगात दार उघडून शस्त्र सोडण्याच्या चाचण्या किती झाल्या आणि त्यांचे आकडे सिम्युलेशनशी जुळले का? उत्तर 'हो' असेल तर उशीर सत्कारणी लागला. 'नाही' असेल, तर त्या न जुळलेल्या आकड्यांची जबाबदारी शेवटी कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसावर येऊन पडते.